नागपूरहून कोकण किनाऱ्यावर सायकल सफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आटोपली की नागपुरातल्या सायकलवाल्यांचे फोन सुरू होतात. अलिबागजवळच्या मांडव्यापासून गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोलपर्यंत समुद्राच्या काठाकाठानं जायचं आहे, कसं करायचं? तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. हे शर्यतीसाठी नाही. सामान लादून, थांबत थांबत, मासे खात किनारा पाहणाऱ्यांसाठी आहे.

आम्ही अमरावती रोडनं कोंढाळीला जाऊन येतो, शंभर किलोमीटर जेवणाच्या आधी होतात. कोकणात रोज शंभर धरू का?

नका धरू. या एका हिशेबात नागपूरकर फसतो, म्हणून हाच प्रश्न पहिला घेतला. आपल्याकडचा रस्ता सपाट आणि सरळ असतो. किनाऱ्यावरचा रस्ता नकाशात समुद्राला चिकटून दिसतो, पण प्रत्यक्षात तो सतत वरखाली होतो. सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी समुद्राला मिळताना खाडी करते आणि दोन खाड्यांच्या मधे जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे पठार, उभा असतो. गावातून निघालात की सड्यावर चढायचं, वर थोडं सपाट, मग थेट खाडीपर्यंत उतार, पलीकडे पुन्हा चढ. चढ लांब नसतात, पण उभे असतात, आणि दिवसातून पाच-सहा वेळा येतात. साठ-सत्तर किलोमीटरच्या दिवसात सगळे मिळून ८०० ते १००० मीटर चढ सहज होतो.

म्हणून दिवस किलोमीटरनं नाही, खाड्यांनी आखा. एका दिवसात फेरीबोटीची एकच खाडी आणि पन्नास ते सत्तर किलोमीटर, एवढं पुरे. संध्याकाळी चार-साडेचारला मुक्कामी पोचून किनाऱ्यावर बसता आलं पाहिजे. तेवढी उसंत उरत नसेल तर एवढ्या लांब येऊन काय मिळवलं?

पूर्ण रस्ता कोणता आणि किती दिवस?

रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग साधारण पाचशे किलोमीटरचा आहे. किनाऱ्यालगतच्या गावांत शिरत गेलात की अंतर वाढतं. निवांत करायचं तर दहा दिवस धरा.

मांडव्याला उतरून अलिबाग, रेवदंडा, काशीद करत पहिला मुक्काम मुरूडला. रेवदंड्याचा पूल ओलांडला की उजवीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो. त्या गावात आजही पोर्तुगीज वळणाची स्वतःची बोली बोलतात, चहाला थांबलात तर कान देऊन ऐका. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून बाणकोटची खाडी ओलांडून वेसवी, पुढे वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. चौथ्या दिवशी दापोलीच्या मुरूडवरून दाभोळ, तिथून फेरीबोटीनं धोपावे आणि गुहागर. पाचव्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. मालगुंड हे केशवसुतांचं जन्मगाव. पाचवा दिवस सगळ्यांत दमवणारा असतो, पहाटे निघा.

त्यानंतर आरे-वारेवरून रत्नागिरी. माझ्या मते आख्ख्या रस्त्यातला सर्वांत देखणा तुकडा हाच. वळण घेऊन रस्ता कड्यावर येतो आणि खाली दोन किनारे एकदम दिसतात. पुढे पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी. शेवटी तेरेखोलची फेरी ओलांडली की केरी, म्हणजे गोवा.

एवढी सुटी नाही. चार-पाच दिवसांत काय करता येईल?

दोन चांगले तुकडे आहेत. एक मांडवा ते गुहागर. गुहागरहून चिपळूण स्टेशन पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. दुसरा रत्नागिरी ते मालवण, तिथून कुडाळ स्टेशन तीसेक किलोमीटर. पहिल्यात फेरीबोटी आणि नारळी-पोफळीच्या वाड्या जास्त, दुसऱ्यात किल्ले आणि मोकळे सडे जास्त. पहिल्यांदा जात असाल तर पहिला घ्या.

सायकलसाठी वेगळा मार्ग आहे का?

नाही. हॉलंडच्या किनाऱ्यावर सुमारे सहाशे किलोमीटरचा खुणा लावलेला सायकल मार्ग आहे, वाळूच्या टेकड्यांमधून जाणारा. तसं आपल्याकडे काही नाही. तुम्ही गाड्यांच्याच रस्त्यानं जाणार. पण आतल्या गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवर आठवड्याच्या मधल्या दिवशी वर्दळ इतकी कमी असते की तासाभरात एखादी एसटी आणि चार-दोन दुचाक्या भेटतात. शनिवार-रविवार मात्र अलिबाग ते मुरूड आणि गणपतीपुळे परिसरात मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग असते. ते पट्टे सोमवार ते गुरुवार यायला हवेत, असे दिवस लावा. दिघी आणि जयगडला बंदरं आहेत, तिथे ट्रक असतात. मुंबई-गोवा महामार्ग शक्यतो टाळाच.

सागरी महामार्ग रुंद करण्याची आणि मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याची कामं हाती घेतली आहेत. खाडीकाठच्या माणसाला रात्री-अपरात्री दवाखाना गाठायला पूल हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच कामात बाजूला दोन मीटरची सायकल पट्टी आत्ताच धरली पाहिजे. रस्ता झाल्यावर ती कोणी जोडणार नाही. शाळेत सायकलनं जाणाऱ्या गावच्या पोरांना तिचा उपयोग आपल्यापेक्षा जास्त आहे.

समृद्धीवरून सायकलनं मुंबईपर्यंत जाऊ का?

नाही जाता येत. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर दुचाकी, तीनचाकी आणि सायकल यांना बंदी आहे. सायकल रेल्वेनं न्या.

रेल्वेत सायकल कशी चढवायची?

तिकीट काढल्यावर गाडीच्या दोन-तीन तास आधी सायकल घेऊन स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसात जा. तिथे 'लगेज' म्हणून बुक करा, 'पार्सल' म्हणून नको. लगेज तुमच्या तिकिटावर, तुमच्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून, जातं. पार्सल मागाहून दुसऱ्या गाडीनंही येऊ शकतं. तिकिटाची आणि ओळखपत्राची झेरॉक्स लागते. दांड्याला पुठ्ठा बांधून त्यावर नाव, फोन, कुठून-कुठे हे मार्करनं मोठ्या अक्षरात लिहा. दिवे, पंप, बाटली, मीटर काढून घ्या. पेडल काढून हँडल आडवं वळवलं तर चढवताना-उतरवताना कमी मार बसतो. मागचं डिरेल्युर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, आतल्या बाजूला येईल असा जुना टॉवेल गुंडाळा, वाकतं ते तेच.

पावती जपून ठेवा, तिच्याशिवाय सायकल सोडत नाहीत. गाडी सुटायच्या आधी आपल्या डोळ्यांनी सायकल चढलेली पाहा, हमालदादांशी दोन शब्द बोला. आणि बुकिंग मोठ्या स्टेशनपर्यंतच करा. दोन मिनिटं थांबणाऱ्या स्टेशनवर ब्रेकव्हॅन उघडेल याचा भरवसा नसतो.

विदर्भ, सेवाग्राम, दुरांतो या गाड्या रात्रभरात मुंबईला सीएसएमटीवर सोडतात. तिथून भाऊचा धक्का सायकलवर पंधरा-वीस मिनिटं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट जाते, तासाभराचा प्रवास, आणि सायकल चालवत आत नेता येते. नागपूर-मडगाव अशी कोकण रेल्वेवरून जाणारी विशेष गाडीही ठरावीक दिवशी सोडतात. ती मिळाली तर परतीला सोन्याहून पिवळं.

ट्रॅव्हल्सच्या डिकीतूनही लोक सायकल नेतात. भाडं आधी ठरवा, आणि सायकल सुटकेसांच्या वर येईल हे स्वतः उभं राहून बघा.

फेरीबोटीत सायकल घेतात का?

घेतात, पैसेही किरकोळ. मोटारी नेणाऱ्या सपाट बोटी आहेत, दिघीकडचे लोक तिला जंगल जेटी म्हणतात. वाटेत अशा पाच येतात: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड आणि तेरेखोल-केरी. धक्क्याचा उतार आणि बोटीची लोखंडी फळी ओली, शेवाळलेली असते. तिथे सायकलवर बसून जायचं नाही, उतरून दोन्ही ब्रेक धरून चालत जायचं. आधी गाड्या चढू द्या, मग कडेची जागा पकडा. उतरताना उलट करा, गाड्या पुढे गेल्या की शांतपणे निघा, नाहीतर चढावर सगळा धूर तुमच्या तोंडावर येतो. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारून घ्या. फेरी चुकली तर रस्त्यानं खाडीला वळसा घालायला अख्खा दिवस जातो. मोठ्या ओहोटीला कधी कधी बोट थोडी थांबते.

किनाऱ्याच्या वाळूवरून सायकल चालवता येते का?

येते, आणि सफरीतला तो सर्वांत मोठा आनंद आहे, पण भरती-ओहोटी कळली पाहिजे. कोरड्या भुसभुशीत वाळूत चाक रुतून बसतं. ओहोटीला उघडी पडलेली ओली वाळू मात्र डांबरासारखी कडक असते. दिवेआगर, गुहागर, दापोलीचं मुरूड ते कर्दे, इथे लांबवर जाता येतं.

आपल्याला समुद्राचा सराव नाही, त्यामुळे वेळ कशी ओळखायची हा प्रश्न पडतो. किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे. पक्षातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, येईल तो आकडा म्हणजे साधारण पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्रीच्या आगेमागे भरती. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासानं, कधी त्याहून थोडी जास्त, पुढे सरकते.

आता यातून काय घ्यायचं? पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि तितकंच लांब ओसरतं, आणि ओहोटी नेमकी सकाळी आणि संध्याकाळी पाच-सहाला येते. म्हणजे उजाडताना आणि सूर्य मावळताना रुंद, कडक, रिकामा किनारा. अष्टमीच्या सुमाराला याच्या उलट, सकाळी उठाल तेव्हा पाणी वाळूच्या वरच्या टोकाला आलेलं. तेव्हा तिकीट काढण्याआधी कालनिर्णय उघडा आणि सफरीचे किनाऱ्यावरचे दिवस पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे बसवा. नेमक्या वेळेसाठी भरतीचं कोष्टक मोबाइलवर मिळतंच, पण तिथीचा हिशेब तोंडी येतो तेव्हा कोळीकाकांशी बोलायला मजा येते.

पाण्यातून चाक नेऊ नका. वाळूवर मासेमारीची जाळी, होड्यांचे दोर असतात, नजर ठेवा. वेळासला कासवांच्या विणीच्या काळात, म्हणजे थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, वाळूवर सायकल घालूच नका. ऑलिव्ह रिडले कासवं तिथेच अंडी घालतात.

उत्तरेकडून दक्षिणेला जावं की उलट?

उत्तरेकडून दक्षिणेला. थंडीच्या दिवसांत सकाळी वारा जमिनीकडून येतो आणि हलका असतो. दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत जोर धरतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी किंवा तिरका मिळतो. शिवाय समुद्र उजव्या हाताला राहतो, दुपारनंतर ऊन त्या बाजूला कलतं, सड्यावरच्या काजूच्या झाडांची सावली रस्त्यावर कधी येते ते त्यावरून कळायला लागतं.

जायचं कधी?

नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी मध्य. नाताळ ते नववर्ष वगळा, खोल्या मिळत नाहीत आणि रस्ते गाड्यांनी भरतात. मार्चनंतर दमट उकाडा नको होतो. नागपूरचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा काढणाऱ्याला कोकणातले तेहतीस अंश काहीच वाटत नाहीत, असं घरी बसून वाटतं. तिथे घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही, आणि चढावर जीव घाबरा होतो. पाण्यात मीठ-साखर किंवा कोकम सरबत घेत राहा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, फेरीबोटी कधी बंद राहतील सांगता येत नाही.

एक फायदा लक्षात ठेवा: कोकण आपल्यापेक्षा पश्चिमेला सुमारे सहा रेखांश आहे, त्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी नागपूरपेक्षा जवळपास अर्धा तास जास्त उजेड मिळतो. तसंच सकाळीही थोडं उशिरा उजाडतं.

नागपुरात चढाचा सराव कुठे करायचा?

शहरात सेमिनरी हिल्स. फुटाळ्याकडून चढायचं, उतरायचं, परत चढायचं. कंटाळा येतो, पण कामाचं आहे. रविवारी रामटेक करा, पन्नासेक किलोमीटर जाऊन वर गडावर दोनदा-तीनदा चढा आणि खिंडसीला थांबून परत या. अदासाही चांगलं. महत्त्वाचं म्हणजे सराव सामानासकट करा. कॅरिअरवर आठ-दहा किलो बांधल्यावर सायकल वळणावर वेगळी वागते आणि ब्रेक उशिरा धरते. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत थंड पहाट सोडून दुपारी चारलाही निघत जा, उन्हात पाणी किती लागतं ते कळेल.

जमल्यास सलग दोन दिवस चालवून बघा. पहिल्या दिवशी सगळेच चालवतात, गुडघा आणि बूड दुसऱ्या दिवशी बोलतात.

कोणती सायकल हवी?

गिअरची कोणतीही मजबूत हायब्रिड किंवा एमटीबी चालते. महागडी लागत नाही. पुढचं सर्वांत लहान आणि मागचं सर्वांत मोठं चक्र असा हलका गिअर मात्र असलाच पाहिजे. टायर ३५ मिलिमीटरच्या आसपासचे. पातळ टायरची रोड बाइक गावातल्या फुटलेल्या डांबरावर त्रास देते. बिनागिअरची सायकल नको.

ब्रेक पॅड नवे घालून निघा, उतारावर झपाट्यानं झिजतात. दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, चेनचा जोडदुवा, गिअरची एक केबल आणि डिरेल्युर हँगर (डिरेल्युर सायकलला जोडणारा तुकडा) सोबत ठेवा. वाटेतल्या दुकानांत साध्या सायकलचं काम हातासरशी होतं, पण तुमच्या मॉडेलचा सुटा भाग रत्नागिरीच्या आधी मिळेल असं धरू नका.

खारी हवा सायकलला खाते म्हणतात, खरं का?

खरं आहे. एका रात्रीत चेनवर तांबूस पूड धरते. रोज मुक्कामी पोचल्यावर, चहाच्याही आधी, गोड्या पाण्याची एक बादली मागा. चेन, कॅसेट (मागची दातेरी चक्रं) आणि मागच्या डिरेल्युरच्या दोन छोट्या चाकांवर हलक्या हातानं पाणी ओता. त्या छोट्या चाकांत ओली वाळू घट्ट बसते, जुन्या टूथब्रशनं काढा. हबवर जोराचा पाइप मारू नका, पाणी बेअरिंगमध्ये जातं. कापडानं पुसा, दहा मिनिटं वाळू द्या, मग चेनच्या प्रत्येक कडीवर एक थेंब तेल आणि वरचं जास्तीचं पुसून टाका. तेल जास्त राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्यावर वाळू चिकटून चेन कुरकुरते. घरी आल्यावर सीटपोस्ट काढून आतून पुसा, ग्रीस लावून परत बसवा, नाहीतर उन्हाळ्यापर्यंत ती जागीच धरून बसते.

राहायचं कुठे? बायामाणसांनी एकट्यानं जावं का?

घरगुती निवास गावोगावी आहेत. अंगणात सायकल ठेवता येते, जेवण घरचं मिळतं. सकाळी निघतानाच पुढच्या घरी फोन करून 'दोन माणसं, दोन सायकली, जेवण लागेल' एवढं सांगा. मासे आणायचे की नाही हे त्यांना दुपारीच ठरवावं लागतं. नेटवर्क सड्यांच्या मधे जातं, तेव्हा थोडी रोकड जवळ असू द्या.

एकट्या-दुकट्या बाया हा रस्ता करतात आणि गावातल्या काकू-वहिनी त्यांची जास्तच काळजी घेतात. नियम सगळ्यांना सारखाच: अंधार पडायच्या आत मुक्कामी, घरी रोज एकदा ठावठिकाणा. गावातून जाताना अंगभर कपडा असावा, देवळात शिरताना तर हवाच. गरज पडली तर ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

आम्ही शाकाहारी. आणि सावजी खाणाऱ्यांचं कसं होणार?

शाकाहाऱ्यांची उलट चैन आहे. सकाळी घावन किंवा आंबोळी, दुपारी वालाचं बिरडं, फणसाची नाहीतर केळफुलाची भाजी, सोलकढी. सुदैवानं उकडीचे मोदक मिळाले तर दोन जास्त खा. मासे खाणाऱ्यांनी पहिल्या रात्री तळलेल्या सुरमईवर न थांबता बांगड्याचं तिखलं आणि तिसऱ्या (शिंपल्या) याही मागाव्यात. आपल्या तर्रीची जीभ सुरुवातीला तिखट शोधते, तिसऱ्या दिवशी नारळाची चव कळायला लागते. फक्त दुपारी भरपेट जेवून लगेच चढ घेऊ नका.

वाटेत पोहायचं का?

घामेजलेल्या अंगानं पाण्यात धावत सुटू नका. आपण तलावात आणि कॅनॉलवर पोहायला शिकलेली माणसं, समुद्राची ओढ वेगळी असते. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे विद्यार्थी ओहोटीत ओढले जाऊन बुडाले. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय, ओहोटी सुरू असताना आणि संध्याकाळी पाण्यात शिरायचं नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहूनही मन भरतं.

किल्ले पाहायला वेळ मिळेल का?

सगळे नाही. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग या वाटेवर आहेत. त्यांतला विजयदुर्ग सोपा, सायकल दारापर्यंत जाते, आत दोन तास ठेवा. सिंधुदुर्गला मालवणहून होडी. त्यासाठी मालवणला एक दिवस मुक्काम वाढवा, पायांनाही विश्रांती मिळते.

साठी ओलांडलेले वडील किंवा शाळेतली मुलं सोबत आली तर?

मग पूर्ण किनारा नको. दिवेआगर किंवा गुहागरला तीन दिवस एकाच ठिकाणी राहा आणि रोज वीस-पंचवीस किलोमीटर फिरून या. घाटरस्ता न करता समुद्र डोळ्यांसमोर ठेवून चालवायचं असेल तर विशाखापट्टणम ते भीमुनिपट्टणम हा पंचवीस-तीस किलोमीटरचा बीच रोडही आहे. समता एक्सप्रेस नागपूरहून थेट विशाखापट्टणमला जाते.

परत कसं यायचं?

केरीहून मडगावला जायला एक दिवस हाताशी ठेवा. किंवा वेंगुर्ल्यापर्यंत करून सावंतवाडी नाहीतर कुडाळ गाठा आणि तिथे सायकल चढवून घेतात का ते आधी चौकशी करून घ्या. मडगाव मोठं स्टेशन आहे, लगेज बुकिंगला तेच बरं. थेट गाडी नसेल त्या दिवशी मुंबईत गाडी बदलावी लागते. तेव्हा पहिली सायकल सीएसएमटीला किंवा ज्या स्टेशनवर उतराल तिथे सोडवून, पावती नवी करून, दुसऱ्या गाडीत चढवायला मधे निदान पाच-सहा तास असू द्या.